कढ आणि बेरी

पुण्याहून बंगळूरला गाडीने निघालं की बेळगावपर्यंत दगडाचा रंग फारसा बदलत नाही. कात्रजला काळा, साताऱ्याला काळा, निपाणीलाही काळाच. मधूनच जांभा डोकं वर काढतो, पण तो त्याच काळ्या दगडाचा कुजून झालेला मुलगा. बेळगाव सुटलं, धारवाड-हुबळी मागे पडली, की दगड हळूहळू कूस बदलतो. चित्रदुर्गाच्या किल्ल्यापाशी धोंडे गोल गरगरीत होतात. पुढे शेताच्या कुंपणाला लाकडाऐवजी दगडाचेच उभे खांब दिसू लागतात, सरळसोट चिरलेले, राखाडी. आपला बेसाल्ट असा चिरला जात नाही, तो वेडावाकडा फुटतो. महाराष्ट्रातला माणूस इथे पहिल्यांदा ग्रॅनाइटच्या मुलखात आलेला असतो आणि बहुतेक वेळा तेव्हा तो झोपलेला असतो.

बंगळूर ओलांडून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर रामनगर येतं. तिथले डोंगर मात्र झोपेतल्या माणसालाही ओळखीचे वाटतील. ‘शोले’तलं रामगढ ते हेच. गब्बर ज्या धोंड्यांवरून येरझारा घालत हिशेब विचारतो, ते धोंडे सुमारे 252 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर शिलारसातून थिजले. आपला दख्खनचा बेसाल्ट जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा. इंग्रजी अमदानीत या गावाचं नाव क्लोजपेट होतं, म्हणून भूविज्ञानात हा खडक क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणून ओळखला जातो. दक्षिणोत्तर सुमारे 400 किलोमीटर लांबीचा आणि रुंदीला वीस-तीस किलोमीटरचा हा पट्टा कर्नाटकाच्या अंगावरून एखाद्या जुन्या व्रणासारखा गेला आहे.

हे पुस्तक त्या व्रणाचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या त्याहून जुन्या कातड्याचं आहे. प्रश्न एकच आहे. खंडं झाली कशी? पृथ्वी 454 कोटी वर्षांची. सुरुवातीला ती वितळलेली होती आणि निवल्यावर तिच्यावर जी साय धरली ती काळी, बेसाल्टच्या जातीची असणार. तसा काळा दगड चंद्रावरही आहे, मंगळावरही आहे, आणि आपल्या महासागरांच्या तळाशी आजही रोज नवा तयार होतो. पण ग्रॅनाइटची खंडंच्या खंडं मात्र आपल्या माहितीत फक्त पृथ्वीवर आहेत. तेव्हा खंड कसं झालं असं विचारणं म्हणजे काळ्या दगडातून हा फिकट दगड कसा निघाला असं विचारणं आहे.

उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. लोणी कढवलं की तूप सुटतं आणि बेरी तळाला बसते. समुद्राच्या पाण्यात मुरलेला बेसाल्ट खोल जाऊन तापला की तोही अख्खा वितळत नाही. त्यातला थोडा भाग, बहुतेक वेळा पाव हिश्शाहूनही कमी, सुटून बाहेर येतो. हा रस सिलिका आणि सोडियमने भरलेला, फिकट आणि हलका असतो. तो वर चढतो आणि थिजतो. त्यातून जे खडक होतात त्यांची नावं टोनालाइट, ट्रॉन्ध्येमाइट आणि ग्रॅनोडायोराइट. पुढची प्रकरणं वाचताना ही नावं विसरली तरी चालेल, ‘करडा दगड’ एवढं लक्षात ठेवा. मागे राहिलेली बेरी मात्र जड असते, पुरेशी खोल असली तर कवचाखालच्या प्रावरणाहूनही जड. इथे पाणी मुरण्याला फार महत्त्व आहे. कोरडा बेसाल्ट इतक्या कमी तापमानाला असा सुटत नाही. समुद्र नसता तर खंडंही बहुधा नसती.

आता खरी गंमत. तूप खाऊन ते कुठल्या चुलीवर कढवलं ते आपल्याला सांगता येत नाही, पण दगड ते सांगतो. बेसाल्ट उथळ वितळला तर बेरीत फेल्स्पार शिल्लक राहतो. फेल्स्पारला स्ट्रॉन्शियमचा लोभ आहे, तो ते धरून बसतो. खोलीवर, प्रचंड दाबाखाली, फेल्स्पारला टिकाव धरता येत नाही. तिथे बेरीत गार्नेट तयार होतं, आणि गार्नेटचा जीव इट्रियमवर. म्हणजे खोलवर सुटलेल्या रसात स्ट्रॉन्शियम मुबलक आणि इट्रियम नावाला. उथळ सुटलेल्या रसात उलट. वर येऊन थिजलेल्या करड्या दगडात ही दोन मूलद्रव्यं मोजायची, एकाला दुसऱ्याने भागायचं, आणि जी बेरी आपण कधी पाहणार नाही ती किती खोल बसली होती त्याचा अंदाज बांधायचा. खोली कळली की वरच्या कवचाची जाडी कळते, आणि जाडी कळली की ते कवच समुद्राच्या पाण्याखाली होतं की बाहेर, हेही कळू लागतं. पातळ फळी पाण्यात जेमतेम तरंगते, जाड ओंडका डोकं वर काढतो.

इथे हात आखडता घ्यायला हवा. हे गुणोत्तर म्हणजे थर्मामीटर नव्हे. मूळ बेसाल्टमध्येच स्ट्रॉन्शियम जास्त असेल तर उथळ वितळूनही खोलीचा आभास होतो. वर येता येता रसातून काही स्फटिक गळून पडले तरी आकडा बिघडतो. मी स्वतः एका आकड्यावर विसंबून एका टेकडीला सत्तर किलोमीटर खोलीचा जन्म बहाल केला होता आणि दुसऱ्याच मोसमात तो परत घेतला. या पुस्तकात जिथे एकट्या गुणोत्तरावर खोली सांगितली आहे तिथे वाचकाने भुवई वर करावी. शेतातला पुरावा, दोन-तीन वेगळी मूलद्रव्यं आणि कालमापन अशा साऱ्यांचा सूर जुळतो तेव्हाच मी निष्कर्ष ठासून मांडला आहे.

कालमापन झिर्कॉनवर चालतं. हा कण सहसा मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तो मिळवायचा तर काही किलो दगड फोडायचा, दळायचा, पाण्यावर वाळू पाखडावी तसा पाखडायचा, चुंबकाने लोहाचे कण ओढून घ्यायचे, मग जड द्रवात सोडायचा. क्वार्ट्झ आणि फेल्स्पार तरंगतात, झिर्कॉन बुडतो. तळाशी उरलेल्या चिमूटभर भुकटीतून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण सुईने वेचायचा, तांदळातून खडे निवडावेत तसा. फरक इतकाच की इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे. दळणाचं यंत्र दर नमुन्यानंतर घासून धुवावं लागतं. एकदा माझ्या करड्या दगडात दोन कण पन्नास कोटी वर्षांनी तरुण निघाले. मी आठवडाभर नवा सिद्धांत रचत होतो, आणि शेवटी ते कण आदल्या दिवशीच्या दळणातले निघाले.

वेचलेले कण राळेत बसवून अर्धे घासले आणि इलेक्ट्रॉनच्या झोतात धरले की कांद्यासारख्या पाकळ्या उजळतात. आतली पाकळी पहिल्या कढाची, बाहेरची नंतरच्या. झिर्कॉन जन्मताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला दारातच अडवतो. म्हणून आत सापडलेलं शिसं हे नंतर युरेनियमपासून झालेलंच असणार. युरेनियमचे दोन समस्थानिक वेगवेगळ्या वेगाने शिसं होतात, एकाचं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, दुसऱ्याचं सुमारे 70 कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर विश्वास ठेवायचा, नसतील तर मधल्या काळात कुणीतरी शिसं पळवलं आहे असं समजायचं. साक्षीदार स्वतःच आपली उलटतपासणी घेतो, असं दुसरं खनिज मला ठाऊक नाही.

सगळ्यात जुने कण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये आहेत, 440 कोटी वर्षांचे. पण ते अनाथ आहेत. ज्या खडकात ते जन्मले तो केव्हाच झिजून गेला, कण पुढच्या वाळूत वाहून आले. आईबापांसकट उभा असलेला जुना खडक कॅनडात अकास्टा नदीकाठी आहे, सुमारे 403 कोटी वर्षांचा. आपल्याकडे असा जुनेपणा शोधायचा तर झारखंड-ओडिशाच्या सीमेवर सिंगभूमला जावं. तिथल्या चंपुआजवळच्या खडकात 424 कोटी वर्षांच्या झिर्कॉनची नोंद आहे, म्हणजे तरुण खडकाने पोटात बाळगलेला म्हातारा कण. पण सिंगभूमचं खरं महत्त्व या एका आकड्यात नाही.

2021 मध्ये प्रियदर्शी चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगभूमच्या करड्या आणि गुलाबी दगडांची कालक्रमाने मांडणी करून प्रत्येक पिढी किती खोल वितळली ते तपासलं. जसजसा काळ पुढे सरकतो तसतशी चूल खोल जाते. सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेलं कवच 320 कोटी वर्षांच्या सुमारास पन्नास किलोमीटरच्या घरात जाड झालेलं दिसतं. त्याच खडकांच्या कडेला नदीकाठच्या आणि किनाऱ्याच्या वाळूचे, सुमारे 300 कोटी वर्षांचे वालुकाश्म आहेत. वाळू जमिनीवर झीज झाल्याशिवाय होत नाही. दोन्ही पुरावे जुळवून त्यांनी मांडलं की इथली जमीन 330 ते 320 कोटी वर्षांपूर्वी समुद्रातून बाहेर आली, आणि ती भूपट्टांच्या टकरीने उचलली गेली नाही. एकाच जागी खालून पुन्हा पुन्हा शिलारस येऊन कवच फुगत गेलं, जाड झालं, आणि म्हणून वर आलं. हिमालय पाहून मोठे झालेल्या आपल्या पिढीला डोंगर म्हणजे टक्कर हे समीकरण इतकं अंगवळणी पडलं आहे की ही कल्पना पचायला वेळ लागतो. मला लागला.

टक्कर नाही तर मग काय? त्यासाठी धारवाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खंडाच्या (शहराच्या नव्हे) पश्चिम भागात, हासनजवळच्या होळेनरसीपूरला यावं लागेल. पिठलं रटरटताना पाहा. जाड पिठल्यात खालून गोल बुडबुडा फुगत वर येतो आणि दोन बुडबुड्यांच्या मधलं पिठलं खाली दबतं. होळेनरसीपूरचा नकाशा असाच दिसतो. करड्या पट्टिताश्माचे, म्हणजे पट्टेरी दगडाचे, घुमट, आणि त्यांच्या बेचक्यांत काळ्या-हिरव्या खडकांच्या अरुंद खोल पट्ट्या. हे हिरवे खडक म्हणजे एकेकाळचे लाव्हाचे थर. ते वर साचले, जड होते, आणि खालचा करडा दगड गरम, मऊ आणि हलका होता. हलकं वर आलं, जड बेचक्यात बुडालं. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनला आणि ऑस्ट्रेलियातल्या पिल्बाराला हाच नकाशा मोठ्या प्रमाणावर दिसतो. त्या लाव्हातल्या काहींना कोमाटिआइट म्हणतात, बार्बरटनजवळच्या कोमाटी नदीवरून. 1969 मध्ये व्हिल्युन बंधूंनी ते नाव दिलं. हा लाव्हा सुमारे 1600 अंश सेल्सिअसला बाहेर पडत असे. आजच्या ज्वालामुखींना 1200 च्या वर जाताना धाप लागते. प्रावरण तेव्हा किती तापलेलं होतं याचा त्याहून थेट पुरावा मिळणं अवघड. इतक्या गरम प्रावरणावर बसलेलं कवच मऊच असणार, आणि मऊ कवचाचा कडक भूपट्ट होऊन दुसऱ्याखाली सरकणं कठीण. ओल्या पोळीने दुसरी पोळी ढकलून पाहा.

मग क्लोजपेट. रामनगरचा दगड हातात घेतला तर पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते फेल्स्पारचे लांबट गुलाबी स्फटिक, बोटाच्या पेराएवढे, पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांसारखे एका दिशेला लागलेले. शिलारस वाहत होता हे ते सांगतात. त्यांच्यामध्ये राखाडी क्वार्ट्झ, काळं अभ्रक, आणि मधूनच मुठीएवढे काळपट गोळे, कडा विरघळलेल्या. गुलाबी रंग पोटॅशियमयुक्त फेल्स्पारचा. तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा करडा दगड सोडियमचा होता, हा पोटॅशियमचा. म्हणजे इथे नुसता बेसाल्ट कढवलेला नाही. आधी झालेलं करडं खंड पुन्हा कढवलं गेलं. आणि ते काळपट गोळे सांगतात की त्या कढात खालून, थेट प्रावरणातून, वेगळा रस येऊन मिसळत होता. जाँ-फ्रान्स्वा मोयेन, एर्व्हे मार्तां आणि मुडलप्पा जयानंद यांनी या मिश्रणाचा हिशेब 2001 च्या सुमारास मांडला. प्रावरणाचा तो वाटा साधा नव्हता. त्यात आधी मुरलेलं पाणी आणि खंडाच्या जातीची मूलद्रव्यं होती, जणू वरचं काहीतरी आधीच खाली जाऊन प्रावरणात जिरलं होतं.

निसर्गाने इथे एक उपकार करून ठेवला आहे. हा सगळा पट्टा उत्तरेकडे कलला आहे आणि झिजला आहे. त्यामुळे दक्षिणेला कब्बाळदुर्गाजवळ आपण त्याच्या मुळाशी, वीस किलोमीटरहून जास्त खोलीवर उभे असतो, आणि हंपीकडे चालू लागलो की वर वर येतो. कढ जिथे सुटला तिथपासून जिथे थिजला तिथपर्यंत, तेही पायी. कब्बाळदुर्गालाच सी. एस. पिचामुथू यांनी करड्या दगडाचं डोळ्यांदेखत चार्नोकाइट या दुसऱ्याच खडकात रूपांतर होताना पकडलं आणि 1960 मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याआधी, 1956 मध्ये, बी. पी. राधाकृष्ण यांचा क्लोजपेट ग्रॅनाइटवरचा ग्रंथ आला होता. पुढे त्यांनीच भारतीय भूविज्ञान संस्था उभी केली. जिथे आज आम्ही कारने जातो तिथे ही माणसं पायी हिंडली, आणि त्यांचे नकाशे अजून चालतात.

मग 252 कोटी वर्षांपूर्वी भूपट्ट एकमेकांखाली सरकू लागले होते का? कोलारला जाऊन आलेले काही जण हो म्हणतात. सोन्याची ती खाण 3 किलोमीटरहून खोल गेली आणि 2001 मध्ये बंद पडली. ती ज्या अरुंद हिरव्या पट्ट्यात आहे त्याच्या पूर्वेचा आणि पश्चिमेचा करडा दगड सारखा दिसतो, पण क्रॉगस्टाड, हॅन्सन आणि जेएनयूचे व्ही. राजामणी यांनी 1989 मध्ये दाखवलं की दोघांची जन्मवेळ वेगळी आणि कुळंही वेगळी. पश्चिमेकडच्याच्या पोटात फार जुन्या खंडाच्या खुणा आहेत, पूर्वेकडच्याच्या नाहीत. दोन परकी खंडं इथे येऊन शिवली गेली आणि शिवणीत सोनं राहिलं, असा त्यांचा अर्थ. दुसरी फळी म्हणते, एवढ्या रुंद प्रदेशात एकाच वेळी एवढा कढ आला तर खालून प्रावरणाचा उष्ण स्तंभ उसळला असला पाहिजे, सरकासरकीची गरज नाही. या दोन फळ्यांचं भांडण परिषदांमध्ये मी वीस-पंचवीस वर्षं ऐकतो आहे. चहाच्या वेळेत ती एकमेकांशी प्रेमाने बोलतात.

माझं मत या पुस्तकात लपवलेलं नाही, तेव्हा इथेही सांगतो. भूपट्टांची हालचाल नेमकी कधी सुरू झाली हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. त्याला एक तारीख द्यायची धडपड म्हणजे मराठी भाषा कुठल्या सोमवारी सुरू झाली हे विचारण्यासारखं आहे. सिंगभूम 320 कोटीला जागच्या जागी फुगून पाण्याबाहेर आलं. पश्चिम धारवाड त्याच सुमारास पिठल्यासारखं रटरटत होतं. पूर्व धारवाडला 250 कोटीच्या आसपास काहीतरी आडवं सरकलं आणि त्याच वेळी खालून उष्णताही आली. एकाच पृथ्वीवर, शेजारशेजारच्या खंडांत, जुनी आणि नवी रीत एकाच वेळी नांदत होती. कढ खोल गेला, सोडियम मागे पडून पोटॅशियम पुढे आलं, आणि करड्याचं गुलाबी होणं हा बदल कुठे लवकर झाला, कुठे उशिरा. एकच जागतिक तारीख सांगणाऱ्या शोधनिबंधांपेक्षा एखाद्या तालुक्याचा नकाशा मला जास्त शिकवतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल की हे सारं कर्नाटकाचं प्रकरण. तसं नाही. पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीकडे, आणि तळकोकणात काही ठिकाणी हा जुना खडक उघडाच आहे. बाकी ठिकाणी तो काळ्या गोधडीखाली आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं तेव्हा सुमारे 338 मीटर बेसाल्ट आणि त्याखाली थोडा गाळाचा थर ओलांडल्यावर तो लागला. कोयनेच्या परिसरात 1960 च्या दशकापासून भूकंप का होतात हे पाहण्यासाठी 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं. तिथे बेसाल्ट 1247 मीटरवर संपतो आणि जुना ग्रॅनाइटी खडक सुरू होतो. कोयनेचे धक्के बहुतांशी त्या जुन्या खडकातच उगम पावतात, आपल्याला दिसणाऱ्या काळ्या दगडात नाही. त्या छिद्रातून वर आलेला दंडगोल मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो होळेनरसीपूरच्या दगडाचा सख्खा भाऊ वाटला होता. करडा, पट्टेरी, मधून गुलाबी शीर.

पहिलं प्रकरण बंगळूरच्या लालबागेत सुरू होतं. केंपेगौडाचा मनोरा ज्या उघड्या कातळावर उभा आहे, तिथून. 1916 मध्ये म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी याच कातळावरून दक्षिणेतल्या साऱ्या करड्या पट्टिताश्माला नाव दिलं. सकाळी तिथे फिरायला येणारी मंडळी 300 कोटी वर्षांवर बसून गुडघे दाबत असतात. तिथे जाणार असाल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. पाणी पिण्यासाठी नाही. कोरड्या कातळावर धूळ आणि शेवाळ्याचा राखाडी पापुद्रा असतो, काही दिसत नाही. ओंजळभर पाणी ओता आणि वाळायच्या आत वाका. करड्यात काळे पट्टे, पट्ट्यांना मुरड, आणि मुरडीला आडवी छेदून गेलेली एक गुलाबी शीर दिसेल. आधी कोण आलं आणि नंतर कोण, ते तिथेच ठरवा, मग पान उलटा.